अर्धेल, तिर्धेल आणि फ्रीलान्सर

पाली म्हटलं की लोकांना आधी बल्लाळेश्वर आठवतो. ती रायगडातली पाली. मी म्हणतोय ती रत्नागिरी तालुक्यातली, हातखंब्याच्या पुढे महामार्गावर लागते ती. इथे घरी बसून कंत्राटावर कोड लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला आयकर भरताना एक आकडा सतत भेटतो : निम्मं. या जिल्ह्याला हा आकडा नवा नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातली बहुसंख्य गावं खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्या मधला माणूस. सरकारचा ठरलेला सारा तो भरायचा, कुळांकडून धान्यात वसुली करायचा आणि मधला फरक त्याचा. त्याला ‘खोती फायदा’ असंच नाव होतं. आजच्या भाषेत हा करवसुलीचा कंत्राटदार. फक्त त्याचं कंत्राट बापाकडून मुलाकडे जायचं. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्याने ब्रिटिशांनी या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली.

वसुली ठरायची कशी? पीक शेतात उभं असतानाच त्याचा अंदाज घ्यायचे. त्याला ‘अभावणी’ म्हणत. भाताच्या जमिनीवर साधारण निम्मा वाटा, म्हणजे अर्धेल. नाचणी-वरीच्या वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा, म्हणजे तिर्धेल. वाटा एकूण पिकावर असायचा. बियाणं, बैल, राब भाजणं, लावणीची माणसं हा सगळा खर्च कुळाने आपल्या उरलेल्या हिश्श्यातून करायचा. खर्च किती झाला हे विचारायची पद्धतच नव्हती. वर वेठ होतीच.

याच काळात शहरात आयकर आला. १८५७ च्या उठावाने तिजोरी रिकामी झाली होती म्हणून जेम्स विल्सनने तो १८६० मध्ये आणला. पाच वर्षांनी तो बंद झाला, मग वेगवेगळ्या रूपांत येत-जात राहिला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा बसला. त्या कायद्याने शेतीचं उत्पन्न वगळलं. म्हणजे मुंबईतल्या वकिलाच्या फीवर आयकर आणि खोताच्या शेतीच्या उत्पन्नावर नाही. खोत सारा भरतच होता, हे त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण आयकरात निदान उत्पन्न मिळवायला झालेला खर्च वजा करून हिशेब मांडायची सोय होती. कुळाला ती कधीच नव्हती.

१७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेले. विधेयक मंजूर झालं नाही. खोती गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने.

आता आमच्या हिशेबाकडे. स्वतंत्र व्यावसायिकाचं उत्पन्न सरकारला दिसतं, खर्च दिसत नाही. इंटरनेट घराचं की कामाचं? इन्व्हर्टर लॅपटॉपसाठी की पंख्यासाठी? यावर वाद घालण्यापेक्षा सरळ अंदाज धरावा, या विचाराने २०१६ च्या अर्थसंकल्पात कलम ४४ एडीए आलं. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आयटीवाले अशा ठरावीक व्यावसायिकांची वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल, तर आता ही मर्यादा ७५ लाख आहे.) उरलेलं निम्मं म्हणजे खर्च. पावत्या, वह्या दाखवायच्या नाहीत. लॅपटॉपचा घसाराही त्यातच धरला जातो. आगाऊ कर एकाच हप्त्यात, १५ मार्चपर्यंत.

गंमत अशी की त्याआधी न्यायमूर्ती ईश्वर समितीने एक तृतीयांश सुचवलं होतं. समितीने तिर्धेल म्हटलं, सरकारने अर्धेल घेतलं.

तुलना इथेच थांबवली पाहिजे, नाहीतर ती खोटी होईल. खोत निम्मं पीक न्यायचा. आयकर खातं त्या निम्म्यावर टक्केवारी लावतं. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. म्हणजे २४ लाख जमा झालेल्या फ्रीलान्सरचा कर शून्य, आणि तेवढाच पगार असलेल्या नोकरदाराला, ७५ हजारांची वजावट धरूनही, सेससकट २ लाख ९२ हजार ५०० रुपये. माझ्यासारख्याचा खरा खर्च जमेच्या पाव भागही होत नाही. त्यामुळे ही अभावणी आम्हाला धार्जिणी आहे हे सरळ कबूल करावं. (२० लाखांच्या वर जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते आणि व्यवसाय कराचे वर्षाला २५०० भरावेच लागतात, पण ती किरकोळ कटकट.)

अडतो तो दुसराच. ज्याने गावातल्या दोन पोरांना पगारावर घेतलंय, गाळा भाड्याने घेतलाय, त्याचा खर्च निम्म्याच्या वर सहज जातो. त्याने खरा आकडा दाखवायचा म्हटला आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं, की वह्या ठेवा, सीएकडून ऑडिट करून घ्या. ऑडिटची फी भरण्यापेक्षा तो गुपचूप निम्मं मान्य करतो आणि न झालेल्या कमाईवर कर भरतो. म्हणजे एकट्याने काम करणाऱ्याला सूट आणि गावात रोजगार देणाऱ्याला भुर्दंड. रत्नागिरीतून पोरं मुंबई-पुण्याला जातात म्हणून हळहळणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

१ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला. त्यात कलमाचा क्रमांक बदलला, निम्मं तसंच आहे.