रातांबे : फोडण्यापासून साठवणीपर्यंत

पावसाळा तोंडावर आला, की कोकणातील घरांत आगोटीच्या बेगमीची लगबग सुरू होते. याच सुमारास परसातील रातांब्याचे झाड लालभडक फळांनी लगडलेले असते. आंबा-फणसाचा हंगाम उतरणीला लागत असताना रातांबे भरात येतात आणि येथेच खरी अडचण उभी राहते. आमसुलासाठी आठवडाभराचे कडक ऊन लागते; फळ मात्र पावसाच्या तोंडावर पिकते. पहिल्या सरी लवकर कोसळल्या, तर बराच माल झाडाखाली कुजून जातो. त्यामुळे हातात उन्हाचे किती दिवस आहेत, यावर रातांब्यांचे आमसूल करायचे, आगळ करायचे की सरबत, हे ठरते.

झाड आणि हंगाम

रातांबा हे कोकमाच्या झाडाचे फळ. वनस्पतिशास्त्रात या झाडाला ‘गार्सिनिया इंडिका’ असे नाव आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकण, गोवा आणि कर्नाटकाच्या किनारी भागात ते वाढते. गोव्यात त्याला भिरंड म्हणतात. हे झाड सदाहरित असून फारशी निगा न घेताही वाढते. मात्र नर आणि मादी झाडे वेगवेगळी असल्याने बियांपासून लावलेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी रोपे नर निघतात आणि हे कळण्यासाठी फुलोऱ्यापर्यंत सहा-सात वर्षे थांबावे लागते. यावर उपाय म्हणून मादी झाडाच्या काडीची मृदकाष्ठ कलमे लावली जातात. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ ही जात १९९७ मध्ये प्रसारित केली आहे.

पूर्ण वाढलेल्या चांगल्या झाडापासून शंभर किलोंहून अधिक फळे मिळू शकतात. ती एकाच वेळी पिकत नाहीत. त्यामुळे काढणी तीन-चार दिवसांच्या अंतराने अनेक तोडण्यांत करावी लागते. पूर्ण लाल, गडद झालेले फळ काढावे. हिरवट फळात रंग आणि रस कमी असतो. जमिनीवर पडलेली, फुटलेली फळे बाजूला ठेवून आधी वापरावीत. पिकलेले रातांबे चार-पाच दिवसांपेक्षा अधिक टिकत नाहीत. म्हणून जेवढी फळे दोन दिवसांत फोडून होतील, तेवढीच एका वेळी काढणे शहाणपणाचे ठरते.

फळे फोडणे

फळे स्वच्छ पाण्याने धुऊन निथळून घ्यावीत. विळीवर किंवा सुरीने मधोमध चिरून दोन वाट्या कराव्यात. प्रत्येक फळात पाच ते आठ बिया असून त्या आंबटगोड, पांढरट गरात गुंतलेल्या असतात. अंगठ्याने त्या गरासह बाहेर काढून वेगळ्या भांड्यात जमा कराव्यात. फळाच्या वजनात निम्म्याच्या आसपास वाटा सालीचा असतो. उरलेला भाग टाकाऊ नाही, कारण पुढच्या प्रक्रियेत गराचा रस आणि बिया दोन्हींना काम आहे.

हे काम किचकट आणि वेळखाऊ आहे. घरातील तीन-चार माणसे एकत्र बसली, तरच मोठी रास एका दिवसात उरकते. रसाची आंबटाई बोटांच्या चिरांना झोंबते आणि हातांचा लाल रंग काही दिवस जात नाही, त्यामुळे हातमोजे वापरणे बरे. याच आंबटाईमुळे भांडीही जपून निवडावी लागतात. अॅल्युमिनियम, तांबे, पितळ आणि लोखंड यांवर आम्लाची प्रक्रिया होऊन रंग व चव बिघडते. स्टेनलेस स्टील, काच किंवा चिनी मातीची भांडी वापरावीत.

ऊन असेल तर आमसूल

बियांसह काढलेल्या गरात मीठ घालून तो रात्रभर ठेवला, की रस सुटतो. साधारण एक किलो रसाला शंभर ग्रॅम मीठ पुरते. दुसऱ्या दिवशी रस गाळून घ्यावा. सालीच्या वाट्या आधी एक दिवस उन्हात सुकवाव्यात, मग या रसात बुडवून पुन्हा वाळत घालाव्यात. असे पाच-सहा वेळा करावे. प्रत्येक पुटागणिक सालीवर आंबटपणा आणि मीठ चढत जाते व तिचा रंग काळपट होतो. चांगले आमसूल मऊ, लवचिक आणि किंचित चिकट असते. ते कडकडीत वाळवू नये. ओलसर राहिले, तर मात्र बुरशी येते.

वाळवण रात्री उघड्यावर ठेवू नये. आकाश भरून आले, की ते लगेच घरात घ्यावे. अर्धवट वाळलेल्या सालीवर पावसाचे पाणी पडले, तर वरचे मीठ धुऊन जाते आणि अख्खी रास एका रात्रीत बुरसटू शकते. तयार आमसूल कोरड्या बरणीत घट्ट झाकून ठेवले, तर वर्षभर सहज टिकते.

ढग आले तर आगळ

उन्हाचा भरवसा राहिला नाही, की आगळ करणे सुरक्षित. फोडलेल्या फळांची साल आणि गर एकत्र करून किलोमागे सुमारे दीडशे ग्रॅम मीठ घालावे. बरणीत भरून दिवसातून एकदा लाकडी डावाने ढवळावे. मिठामुळे फळातील पाणी बाहेर ओढले जाते आणि त्याबरोबर रंग व आम्लही उतरते. आठ दिवसांनी रस गाळून बाटल्यांत भरावा. तीव्र आम्लता आणि मीठ या दोहोंमुळे आगळ न उकळताही टिकतो. मीठ कमी पडले, तर पृष्ठभागावर पांढरी साय येते. म्हणून मिठात काटकसर करू नये. हाच आगळ पुढे नारळाच्या दुधात घालून सोलकढी होते. आगळ खारट असल्याने सोलकढीत वेगळे मीठ चवीनुसारच घालावे.

साखरेतील अमृत कोकम

सरबतासाठी ताज्या वाट्या वापरतात. बिया काढलेल्या सालीच्या दुप्पट साखर घ्यावी. बरणीत साल आणि साखर यांचे एकाआड एक थर देऊन वर फडके बांधावे. रोज ढवळत सात-आठ दिवस ठेवले, की साखर विरघळून दाट, गडद लाल पाक तयार होतो. तो गाळून कोरड्या बाटल्यांत भरावा. साखरेचे प्रमाण घटवले, तर पाक पातळ होतो व त्यात यीस्ट वाढून तो फसफसतो. विक्रीसाठी करताना सोडियम बेन्झोएट हे परिरक्षक अन्नसुरक्षेच्या नियमांनी ठरवलेल्या मर्यादेतच वापरता येते. पिताना एक भाग पाकात पाच भाग थंड पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालण्याची पद्धत आहे. पाक काढून उरलेली साल टाकू नये. तिची चटणी होते किंवा ती तशीच खाता येते.

बियांचे मुठेल

गाळल्यानंतर उरलेल्या बिया धुऊन खडखडीत वाळवल्या, की पावसाळ्यातही सवडीने त्यांचे काम करता येते. टरफल फोडून आतील गर कुटतात व पाण्यात उकळतात. वर तरंगणारी चरबी काढून घेतली, की ती थंड होऊन घट्ट होते. मुठीत वळलेल्या तिच्या गोळ्यांना मुठेल म्हणतात. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहते व चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. भेगाळलेल्या टाचांना आणि फुटलेल्या ओठांना ते लावण्याची कोकणात जुनी चाल आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगातही या चरबीला मागणी आहे.

नियोजन

एकंदरीत, सगळ्या फळांसाठी एकच पद्धत धरून बसू नये. मेच्या सुरुवातीच्या तोडण्या आमसुलासाठी ठेवाव्यात, मधल्या तोडणीतील उत्तम, जाड सालीची फळे अमृत कोकमासाठी वापरावीत आणि ढगाळ हवेतील शेवटचा माल आगळाकडे वळवावा. मीठ, साखर, बरण्या आणि फडकी हंगामाआधीच आणून ठेवावीत. झाडाखाली पडून कुजणाऱ्या रातांब्यांपैकी बरेचसे अशा साध्या नियोजनाने वाचतात आणि परसातील एका झाडावर घरातील वर्षाचा आंबटपणा भागतो.