शरणागतीनंतरचे युद्ध

‘रेबेल्लारे’ हे बंड करण्याचे लॅटिन क्रियापद. ‘रे’ म्हणजे पुन्हा, ‘बेल्लारे’ म्हणजे लढणे. ‘पुन्हा लढणे’ म्हटले की आधीचे युद्ध संपलेले असते; ते संपले असे कोणी ठरवले, हे साधनांतूनच तपासावे लागते.

‘बेल्लुम’ म्हणजे युद्ध. त्याचे जुने रूप ‘दुएल्लुम’ असल्याचे व्हारोने इ.स.पू. पहिल्या शतकात नोंदवले. त्याला कोरीव पुरावाही आहे. बॅकसच्या उत्सवांवर रोमच्या सेनेटने इ.स.पू. १८६ मध्ये घातलेल्या निर्बंधांचा कांस्यपट १६४० मध्ये दक्षिण इटलीतील तिरिओलो येथे सापडला. तो आज व्हिएन्नात आहे. सेनेटची ती सभा युद्धदेवता बेल्लोनाच्या देवळात भरली होती. पटावर तिचे नाव ‘दुएलोना’ असे आहे.

युद्ध संपवणारी शरणागती कशी होई, हे स्पेनमधील अल्कांताराजवळ मिळालेल्या इ.स.पू. १०४ च्या पटावरून कळते. एका जमातीने लुसियुस काएसियुस या रोमन सेनापतीपुढे शरणागती पत्करली. त्याने आपल्या मंडळाचा सल्ला घेऊन कैदी आणि पळवलेले घोडे-घोड्या परत मागितल्या. ते मिळाल्यावर लोकांना मुक्त केले. जमिनी, घरे, कायदे आदल्या दिवशी होते तसे परत दिले. अट एकच: रोमची मर्जी असेल तोवर.

या चौकटीत जिंकलेल्यांनी शस्त्र उचलले की ते ‘रेबेल्लिओ’, म्हणजे बंड, ठरे. इ.स.पू. ५६ मध्ये आजच्या ब्रिटनीतील व्हेनेती जमातीने रोमनांकडचे आपले ओलीस सोडवण्यासाठी, धान्य मागायला आलेले रोमन अधिकारी अडकवून ठेवले. युद्धाची कारणे देताना सीझरने शरणागतीनंतरची ‘रेबेल्लिओ’ त्यांत धरली. पण त्या शरणागतीचा आधार काय? आदल्या वर्षी सीझरचा अधिकारी पुब्लियुस क्रासुस एक लीजन (रोमन सैन्यदल) घेऊन तिकडे गेला आणि व्हेनेतींसह तिथल्या जमाती रोमच्या सत्तेखाली आल्याचे त्याने कळवले, एवढे एक वाक्य सीझरच्या ग्रंथात आहे. लढाईचे वर्णन नाही. व्हेनेतींच्या हातचा एकही लेख उरलेला नाही. हरल्यावर सीझरने त्यांची सगळी सेनेट ठार केली आणि बाकीच्यांना गुलाम म्हणून विकले.

म्हणून साधनात ‘रेबेल्लारे’ आढळले की आधीची शरणागती कोणी, कुठे नोंदवली ते शोधावे. ती नोंद एकट्या जेत्याचीच असेल, तर तो शब्द आरोप म्हणून वाचावा. घडलेल्या बंडाचा पुरावा म्हणून नव्हे.