वाचनाचा वेग आणि लेखनाचा वेग

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं युनिक्स या संगणकप्रणालीचा आरंभ केला. तिच्यांतील फाइली ठेवण्याची व्यवस्था मुद्दामच साधी होती. डिस्क म्हणजे फिरती चुंबकीय तबकडी. तिचे ५१२ बाइटांचे कप्पे पाडावयाचे, रिकाम्या कप्प्यांची एक यादी ठेवावयाची, आणि मागणी आली कीं यादींतील पहिला कप्पा द्यावयाचा. वाण्याच्या वहींतही याहून अधिक रकाने असतात!

पुढें ही प्रणाली कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठांत व्हॅक्स यंत्रावर चालूं लागली. तेथें मोजणी झाली, तेव्हां डिस्कच्या शक्तीपैकीं अवघे २ टक्के उपयोगांत येत असल्याचें आढळलें. कप्पा १०२४ बाइटांचा केल्यावर वेग दुपटीहून वाढला. तरी मजल ४ टक्क्यांपर्यंतच.

खरा दोष एका दिवसाच्या मोजणींत सांपडणारा नव्हता. नव्यानें मांडलेली व्यवस्था सेकंदास १७५ किलोबाइटपर्यंत वेग देई. कांहीं आठवड्यांच्या बेताच्या वापरानंतर तोच वेग ३० वर येई. फाइली निर्माण होत व पुसल्या जात, तसतशी रिकाम्या कप्प्यांची यादी विस्कटे, आणि एकाच फाइलीचे तुकडे डिस्कभर विखुरले जात. प्रत्येक तुकड्यासाठीं वाचणाऱ्या दांड्याला नवी धांव घ्यावी लागे. सर्व मजकूर बाहेर काढून व्यवस्था पुन्हां मांडणें, एवढाच त्यावर इलाज होता.

मॅकुसिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री या चौघांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत या मोजणीची रीत दिली आहे, आणि ती आंकड्यांइतकीच मोलाची आहे. मजकूर इतका घ्यावयाचा कीं यंत्राच्या स्मृतीची मदत हिशेबांत शिरूं नये. आणि प्रयोग निदान तीनदां करावयाचा. पहिली खेप यंत्र ठराविक स्थितींत आणण्यासाठीं, पुढील दोन आंकडा स्थिर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं.

जुन्या व्यवस्थेंत वाचन सेकंदास २९ व लेखन ४८ किलोबाइट भरलें. लिहिणें वाचण्याहून जलद, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतें. परंतु लिहावयाचा मजकूर रांगेंत थांबूं शकतो, व त्या रांगेची जवळच्या स्थानांप्रमाणें जुळणी करतां येते. वाचणाऱ्याला मात्र पुढचा तुकडा तत्काळ हवा असतो. त्याला विस्कटलेल्या क्रमानेंच जावें लागतें.

चौघांनीं कप्पा ४०९६ बाइटांचा केला, आणि एका फाइलीचे तुकडे शक्यतों जवळजवळ ठेविले. त्याच यंत्रावर वाचन २२१ व लेखन १४२ वर गेलें. जागा निवडण्याचा खटाटोप आतां लिहितांना पडूं लागला. दिवस लोटले तरी हा वेग टिके. डिस्क पूर्ण भरली तर मात्र तो निम्म्यावर येई. म्हणून तिचा दहावा हिस्सा रिकामा राखण्याची तरतूद त्यांनीं करून ठेविली.