सिल्व्हेनियाच्या राणीचा नवरा

काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी आणि आई एक जुना अमेरिकन बोलपट बघत बसलो होतो. 'द लव्ह परेड', १९२९ सालचा. आईला त्यातलं इंग्रजी समजत नव्हतं, म्हणून मी मधूनमधून सांगत होते. पडद्यावर राणीचा नवरा कुरकुरत होता. राजवाडा आहे, नोकरचाकर आहेत, पण मला इथं कामच नाही, माझं मत कुणी विचारत नाही. मी हसत होते. आई शांतपणे म्हणाली, "त्याला आत्ता कळलं होय?"

त्या एका वाक्यानं मी चित्रपटाकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले.

गोष्ट तशी साधी. सिल्व्हेनिया नावाच्या काल्पनिक देशाची राणी लुईस हिचं लग्न जमत नाही, कारण नुसता राणीचा नवरा म्हणून राहायला कोण तयार होणार? मग पॅरिसच्या वकिलातीतून, बायकांच्या भानगडींमुळे परत बोलावलेला काउंट आल्फ्रेड तिच्यासमोर येतो आणि दोघं प्रेमात पडतात. लग्नात धर्मगुरू त्यांना 'नवरा-बायको' म्हणत नाही, 'बायको-नवरा' म्हणतो. आल्फ्रेडची परवड इथूनच सुरू होते. राणी आल्याशिवाय त्याला सकाळची न्याहारीसुद्धा मिळत नाही!

दिग्दर्शक होते एर्न्स्ट लुबिच. त्यांचा हा पहिलाच बोलपट आणि नायिका जीनेट मॅक्डोनाल्ड यांचा तर पहिलाच चित्रपट. तेव्हा कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात ठेवत. साहजिकच चित्र जागच्या जागी थिजायचं. लुबिच यांनी काही दृश्यं मूकपटासारखी चित्रित केली आणि आवाज नंतर जोडला. त्यामुळे चित्रपटाला मोकळा श्वास मिळाला. आपल्या संगीत नाटकाचा युरोपातला चुलतभाऊ म्हणजे ऑपेरेटा. त्यातले राजे-राण्या असे पडद्यावर गाऊ लागले.

पण खरे राजे कुठं होते? रशियाचा झार १९१७ मध्ये गेला, जर्मनीचा कैसर आणि ऑस्ट्रियाचा सम्राट १९१८ मध्ये. लुबिच हे बर्लिनच्या एका शिंप्याचे चिरंजीव, जन्म १८९२ चा. कैसरचं राज्य त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आल्फ्रेड झालेले मॉरिस शेवालिए पॅरिसचे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन ते जर्मनांच्या हाती सापडले होते आणि युद्धकैद्यांच्या छावणीत राहिले होते. म्हणजे एक जर्मन आणि जर्मनांच्या कैदेत राहिलेला एक फ्रेंच, दोघांनी मिळून गणवेश, सलाम्या आणि सिंहासनं यांची थट्टा मांडली. सिल्व्हेनियाला तर परदेशी कर्ज हवं असतं! चित्रपट नोव्हेंबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कला लागला, तेव्हा तिथला शेअरबाजार कोसळून महिनाही झाला नव्हता. पैशासाठी तोंड लपवणारं राजघराणं बघून प्रेक्षक हसले असतील, तर नवल नाही.

मग शेवट काय होतो? आल्फ्रेड रुसतो, पॅरिसला निघतो, घटस्फोटाची भाषा करतो. देश चालवणारी राणी रडते, विनवते आणि यापुढं तूच माझा राजा असं कबूल करते. सगळं आनंदीआनंद.

तीन वर्षांनी, १९३२ मध्ये, याच जोडीचा 'लव्ह मी टुनाइट' आला. दिग्दर्शक रूबेन मामुलियन. त्यात राजकन्येचा प्रियकर शिंपी निघतो. घराणं हादरतं, पण ती घोडा फेकत जाते आणि रुळांवर उभी राहून त्याची आगगाडी थांबवते. मला हा शेवट जास्त आवडतो. निर्णय तिचा असतो, धाव तिची असते. तरी धावावं लागतं तिलाच.

आज वाटतं, युरोपातली सिंहासनं पडली होती, म्हणून त्यांच्यावर हसणं सोपं होतं. घरातल्या सिंहासनावरही हे चित्रपट हसले, तासभर ते उलटंसुद्धा करून दाखवलं. पण प्रेक्षक घरी जायच्या आत ते पुन्हा सरळ करून ठेवलं. पुढं १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली आणि तेवढा खोडकरपणाही आवरता घ्यावा लागला.

त्या दुपारी चित्रपट संपला. राणी आणि आल्फ्रेड मिठीत. मी टीव्ही बंद करायला उठले, तर आईनं विचारलं, "आणि आता राज्य कोण चालवणार?"

मला उत्तर देता आलं नाही.