उत्तर न देणारे सरकार

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावर सिआरा नावाचे राज्य आहे आणि फोर्तालेझा हे त्याच्या राजधानीचे शहर. तेथे राहणाऱ्या मारिया दा पेन्या माया फेर्नांदिस या औषधशास्त्राच्या उच्चशिक्षित पदवीधर, तीन मुलींच्या माता. २९ मे १९८३ रोजी त्या झोपेत असताना त्यांच्या पाठीत बंदुकीची गोळी शिरली. घरात चोर शिरले होते, असे पतीने पोलिसांना सांगितले. हा गृहस्थ अर्थशास्त्राचा प्राध्यापक, मूळचा कोलंबियाचा. चारचौघांत अत्यंत सौजन्याने वागणारा. मारियाबाई वाचल्या, पण कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. चार महिन्यांनी त्या चाकांच्या खुर्चीत बसून घरी परतल्या. आणि थोड्याच दिवसांत स्नान करीत असताना विजेचा धक्का देऊन त्यांना मारण्याचा दुसरा प्रयत्न त्याच पतीने केला.

अशा घरात त्या परत गेल्याच कशासाठी, असे कोणी विचारील. पण परतल्या तेव्हा गोळी कोणी झाडली हे अद्याप उघड व्हायचे होते. शिवाय कायद्याचीही अडचण होती. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पत्नीने घर सोडले, तर तिने संसार टाकला असे मानले जाऊन मुलींचा ताबा जाण्याची भीती होती. आप्तेष्टांनी कायदेशीर तजवीज केली, तेव्हाच त्यांना मुलींसह बाहेर पडता आले.

या हकिगतीची मुळे जुनी आहेत, आणि आपल्या उत्तर कोकणच्या वाचकाला ती अगदीच परकी वाटू नयेत. इ. स. १६०३ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जी कायदेसंहिता जारी केली तिला 'फिलिपी संहिता' म्हणतात. पत्नी व्यभिचारात सापडली तर तिला व तिच्या जाराला ठार मारण्याची मुभा ही संहिता पतीला देत असे. त्यातही एक गंमत होती: पती सामान्य रयतेपैकी असेल आणि जार उमराव असेल, तर मात्र जाराला हात लावता येत नसे. स्त्रीच्या बाबतीत असा अपवाद नव्हता. वसईच्या कोटावर पोर्तुगालचे निशाण १७३९ पर्यंत फडकत होते. ज्या राजसत्तेने ब्राझीलला हा कायदा दिला तीच सत्ता येथेही होती.

ब्राझील स्वतंत्र झाल्यावर १८३० च्या फौजदारी संहितेने पतीचा हा हक्क काढून घेतला. परंतु कागदावरून गेलेली गोष्ट मनातून गेली नाही. 'अब्रूचे न्याय्य संरक्षण' असे एक गोंडस नाव धारण करून ती वकिलांच्या तोंडून ज्यूरीसमोर बोलतच राहिली. ३० डिसेंबर १९७६ रोजी आंजेला दिनिझ या स्त्रीची तिच्या प्रियकराने गोळ्या झाडून हत्या केली. १९७९ मध्ये खटला चालला तेव्हा खऱ्या अर्थाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली गेली ती मृत आंजेला! तिच्या चारित्र्याची चिरफाड झाली, आरोपीला दोन वर्षांची स्थगित शिक्षा मिळाली आणि तो मोकळा बाहेर पडला. यावर ब्राझीलच्या स्त्रिया रस्त्यावर आल्या. 'जो प्रेम करतो तो जीव घेत नाही' ही त्यांची घोषणा होती. १९८१ मध्ये फेरखटला होऊन पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तरीही अब्रूचा हा बचाव घटनाबाह्य असल्याचा अंतिम निर्णय त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो १ ऑगस्ट २०२३ रोजी.

मारियाबाईंचा खटला या हवेत चालला. पहिला निकाल लागायला आठ वर्षे गेली. १९९१ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली, पण अपिलाच्या आधारे आरोपी न्यायालयातून थेट घरी गेला. १९९४ मध्ये मारियाबाईंनी आपली कहाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये दुसऱ्यांदा खटला झाला, दहा वर्षे सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि पुन्हा तांत्रिक हरकती काढून तो मोकळाच राहिला. दरम्यान एक घड्याळ चालू होते. ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या आत प्रकरण तडीस गेले नाही, तर गुन्हा मुदतबाह्य होणार होता.

येथे आपल्याला थोडे बाजूला, मध्य अमेरिकेतील होंडुरास देशात जावे लागेल. १९८१ मध्ये तेथे व्हेलास्केझ रोद्रिगेझ या विद्यार्थ्याला पकडून नेण्यात आले आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. आंतर-अमेरिकन मानवी हक्क न्यायालयाने २९ जुलै १९८८ रोजी या प्रकरणी जो निकाल दिला, त्यात पुढील काळाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे एक तत्त्व होते. अत्याचार करणारा सरकारचा माणूस नसला किंवा तो कोण हे ठाऊक नसले, तरी सरकार सुटत नाही. तो अत्याचार टाळण्यासाठी, आणि घडल्यावर त्याचा छडा लावण्यासाठी, सरकारने योग्य ती तत्परता दाखवली का, हा प्रश्न त्याला विचारता येतो. तो खटला स्त्रियांवरील किंवा घरातल्या हिंसेविषयीचा नव्हता. परंतु पोलीस आणि लष्कर यांच्यासाठी घडवलेली ही किल्ली स्वयंपाकघराच्या दारालाही लागते, हे स्त्रियांच्या चळवळीने ओळखले. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक समितीने हेच तत्त्व खाजगी व्यक्तींनी केलेल्या हिंसेला लावले. ९ जून १९९४ रोजी अमेरिका खंडातील राष्ट्रांनी स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र करार केला, तो ब्राझीलमधल्याच बेलें दो पारा या शहरी. बेलें म्हणजे पोर्तुगीज भाषेत बेथलेहेम. पुढच्याच वर्षी ब्राझीलने हा करार मान्य केला.

१९९८ मध्ये मारियाबाई आणि दोन संघटना यांनी वॉशिंग्टन येथील आंतर-अमेरिकन मानवी हक्क आयोगाकडे तक्रार दाखल केली. ती पतीविरुद्ध नव्हती. ब्राझीलच्या सरकारविरुद्ध होती. आयोगाने सरकारला म्हणणे मांडण्यास सांगितले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. उत्तर नाही. एवढे मोठे राष्ट्र, राजदूत, वकील, कचेऱ्या यांनी सज्ज. आणि एका अपंग स्त्रीच्या प्रश्नाला चार ओळींचे उत्तर त्याला देता आले नाही. अखेर आयोगाच्या नियमानुसार तिचे कथन खरे मानण्यात आले.

एक अवघड प्रश्न मात्र उरला होता. गोळी १९८३ ची, करार १९९४ चा. मग करार लागू कसा व्हावा? आयोगाचे उत्तर मला फार मार्मिक वाटते. गोळी एका रात्री झाडली गेली हे खरे. पण सरकारची दिरंगाई करार मान्य केल्यानंतरही रोज घडत होती. गुन्हा जुना, दुर्लक्ष ताजे. एप्रिल २००१ मध्ये आयोगाने ब्राझीलला दोषी धरले. ही केवळ एका बाईची व्यथा नाही, स्त्रियांवरील अत्याचारांकडे डोळेझाक करण्याची त्या देशाच्या यंत्रणेची ही रीतच आहे, असे त्याने नोंदवले. बेलेंचा करार अशा प्रकरणी प्रथमच वापरला गेला. ऑक्टोबर २००२ मध्ये, मुदत सरायला काही महिनेच उरले असताना, पतीला अटक झाली.

आयोगाने कायदा सुधारण्याचीही शिफारस केली होती. तिची गरज कळण्यासाठी 'सेस्ता बाझिका' ही काय वस्तू आहे हे ठाऊक असायला हवे. तांदूळ, घेवडा, तेल, साखर अशा महिन्याच्या किराण्याची ती टोपली. १९९५ च्या एका कायद्याने किरकोळ गुन्ह्यांचा झटपट निकाल लावण्याची सोय झाली, आणि पत्नीला मारहाण हा गुन्हा बहुधा त्या किरकोळांत जाऊन पडला. मग न्यायाधीश पतीला सांगत, एखाद्या धर्मादाय संस्थेला किराण्याची टोपली दे आणि घरी जा. बायकोच्या दुखापतीची किंमत दुकानातील तांदळाच्या भावावर ठरू लागली! ७ ऑगस्ट २००६ रोजी राष्ट्राध्यक्ष लुला यांनी सही केलेल्या नव्या कायद्याने ही टोपली बंद केली, स्वतंत्र न्यायालये व संरक्षणाचे तातडीचे आदेश यांची तरतूद केली. लोक त्याला 'मारिया दा पेन्या कायदा' म्हणतात. योगायोग असा, की तो लागू झाल्यानंतर सुमारे महिनाभराने, २६ ऑक्टोबर २००६ पासून, आपल्या देशातही कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा अमलात आला. त्याच्या हेतुनिवेदनातही व्हिएन्ना व बीजिंग येथील जागतिक परिषदांच्या जाहीरनाम्यांचा आधार घेतलेला आहे.

ब्राझील हे जगातील सर्वाधिक कॅथलिक लोकसंख्येचे राष्ट्र, म्हणून तेथील धर्मसभेविषयी एक शब्द. १९९० च्या प्रायश्चित्तकाळात तेथील महागुरूंनी आपल्या वार्षिक बंधुत्व मोहिमेसाठी 'स्त्री' हा विषय निवडला होता. स्त्री आणि पुरुष दोघेही देवाचे प्रतिरूप, हे त्या मोहिमेचे सूत्र होते. त्या वर्षी मारियाबाईंचा पहिला निकालसुद्धा लागलेला नव्हता. 'सहन कर, मुलांकडे बघ' हा सल्ला आपल्याकडे किती घरांत आणि किती सज्जनांच्या तोंडून दिला गेला आहे, हे आठवले की मला त्या सूत्राची जवळीक अधिक वाटते.

या तक्रारीचे पडसाद दूरवर उमटले. तुर्कस्तानातील नाहिदे ओपुझ हिच्या आईला तिच्याच जावयाने २००२ मध्ये ठार केले. त्यापूर्वी मायलेकींनी पोलिसांकडे वारंवार धाव घेतली होती. जून २००९ मध्ये स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तुर्की सरकारला जबाबदार धरले, तेव्हा निकालपत्रात फोर्तालेझाच्या या प्रकरणाचा दाखला दिला गेला.

आयोगाने सुचविलेली नुकसानभरपाई सिआरा राज्याने दिली ती जुलै २००८ मध्ये: साठ हजार रिआल, आणि त्यासोबत जाहीर क्षमायाचना. मारियाबाई ती स्वीकारायला चाकांच्या खुर्चीतून आल्या. त्या रात्रीला तेव्हा पंचवीस वर्षे झाली होती.