मातीचीं भांडीं : श्रीरामपूरच्या मिशनची कथा

थोर कार्याचा इतिहास लिहितांना दोन मोह आवरणें कठीण जातें. कर्त्या पुरुषांचे दोष पुसून त्यांच्या मूर्ती घडवाव्या, हा पहिला. आणि दोष सांपडतांच सारें कार्य ढोंग ठरवून मोकळें व्हावें, हा दुसरा. ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या इतिहासांत दोन्ही प्रकार विपुल आढळतात. वस्तुतः ख्रिस्ती श्रद्धेला पहिल्या मोहाची गरज नव्हती. धर्मसेवकांना मातीच्या भांड्यांची उपमा पौलानें प्रारंभींच देऊन ठेवली होती. तिचा अर्थ काय, हें पाहण्यास बंगालमधील हुगळीकांठच्या श्रीरामपूरच्या मिशनसारखें उदाहरण क्वचितच मिळेल. मराठी वाचकांस तें परकेंही नाहीं, कारण आमच्या मुद्रित वाङ्मयाचा आरंभ कांहीं अंशीं तेथेंच झाला.

ज्या गृहस्थापासून ही कथा सुरू होते, त्यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं. जॉन टॉमस हे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरील शस्त्रवैद्य. बंगालमध्यें राहून ते बंगाली शिकले व बायबलच्या भाषांतरास त्यांनीं हात घातला. रोग्यांविषयीं त्यांना अपार कळवळा. पण व्यवहारज्ञान शून्य, डोक्यावर कर्ज, आणि मन आज उत्साहाच्या शिखरावर तर उद्यां निराशेच्या गर्तेंत. १७९३ सालीं विल्यम केरी हिंदुस्थानास निघाले ते ह्यांच्याच सोबतीनें. इंग्लंडचा किनारा सोडतांनाच एक सावकार टॉमस यांच्या मागावर होता. आणि कलकत्त्यास पोंचल्यावर बरोबर आणलेला पैसा त्यांच्या हातून थोड्याच दिवसांत संपला. केरींचें कुटुंब परक्या मुलुखांत निराधार झालें.

केरींचा जन्म १७६१ चा, नॉर्दम्प्टनशायरमधील एका खेड्यांतला. जोडे शिवण्याचा धंदा करतां करतां ते लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकले. चिकाटीवांचून दुसरा गुण आपल्या अंगीं नाहीं, असें ते म्हणत. पण हीच चिकाटी घरांत निष्ठुर ठरली. त्यांची पत्नी डॉरथी हिला समुद्रापार यावयाचें नव्हतें. प्रसूतीस थोडेच आठवडे झालेले असतांना, बहीण सोबत येणार म्हणून, ती कशीबशी तयार झाली. १७९४ सालीं त्यांचा पांच वर्षांचा पीटर हगवणीनें गेला, आणि त्यानंतर तिचें मन कायमचें ढासळलें. केरींनीं तिला टाकलें नाहीं, हें खरें. परंतु शेजारच्या खोलींत तिचा आक्रोश चालू असतांना ते भाषांतर करीत बसत. ह्या चित्रांत कोणाला तपश्चर्या दिसेल. आम्हांस तींत दुसऱ्या एका जीवाची आहुतीही दिसते. मुलांना शिस्त लावणें तर केरींना कधीं साधलेंच नाहीं.

कंपनी सरकारला आपल्या मुलुखांत मिशनरी नको होते, म्हणून १७९९ च्या ऑक्टोबरांत आलेले जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपुरास उतरले. १८०० च्या जानेवारींत केरी तेथें जाऊन त्यांस मिळाले. सात वर्षें खपूनही त्यांना एकही बंगाली अनुयायी लाभला नव्हता. पुढें त्याच वर्षीं कृष्ण पाल नांवाच्या सुताराचा हात निखळला. तो जागीं बसविण्यास टॉमस गेले, आणि त्या ओळखींतून कृष्ण पाल ख्रिस्ती धर्माकडे वळला. २८ डिसेंबर रोजीं हुगळीच्या पाण्यांत केरींनीं त्यास व आपला थोरला मुलगा फीलिक्स यास बाप्तिस्मा दिला. टॉमस यांनीं ज्या दिवसाची वर्षानुवर्षें वाट पाहिली, त्याच्या हर्षानेंच त्यांचें चित्त भ्रमलें व त्यांना कोंडून ठेवावें लागलें. एकीकडून त्यांचा आणि दुसरीकडून डॉरथीचा आक्रोश कानीं येत असतांना केरी नदीकडे चालत गेले. पुढच्याच वर्षीं टॉमस वारले. ज्या माणसाच्या हातीं कोणीही तिजोरीची किल्ली दिली नसती, त्याच्याच हातून श्रीरामपूरचें पहिलें दार उघडलें.

उरलेल्या तिघांचे स्वभाव एकमेकांपासून फार दूरचे. वॉर्ड हे मुद्रक आणि डर्बीच्या वर्तमानपत्राचे माजी संपादक, वृत्तीनें मनमिळाऊ. केरींच्या सैरभैर मुलांना त्यांनीं व हॅना मार्शमन ह्या बाईंनीं वळण लावलें. परंतु हेच वॉर्ड हिंदूंच्या चालीरीतींविषयीं लिहूं लागले, कीं लेखणी अनुदार होई. त्यांच्या १८११ च्या ग्रंथांत माहिती पुष्कळ, सहानुभूति थोडी. मार्शमन पूर्वीं विणकर, मग शिक्षक. त्यांच्या व हॅनाबाईंच्या शाळांनीं मिशनच्या खर्चाचा मोठा भार उचलला. पण स्वभाव ताठर, त्यामुळें नव्यानें आलेल्या तरुण मिशनऱ्यांशीं त्यांचे वारंवार खटके उडत. केरींचा फोर्ट विल्यम कॉलेजांतील पगार, शाळांचें उत्पन्न व छापखान्याची मिळकत एकाच तिजोरींत जाई. ११ मार्च १८१२ रोजीं छापखाना जळाला आणि केरींच्या कित्येक वर्षांच्या श्रमांची राख झाली. तेव्हां ढिगाऱ्यांतून अक्षरांचे ठसे व सांचे शोधून वॉर्ड यांनींच काम पुन्हा उभें केलें. एकाची उणीव दुसऱ्यानें अशी भरून निघत होती.

ह्या साखळींत सारेच ख्रिस्ती होते असेंही नाहीं. १८०५ सालीं केरींचें मराठी व्याकरण निघालें व १८१० सालीं मोडी टाइपांत मराठी-इंग्रजी कोश. त्यामागें वैजनाथ पंडितांचें साहाय्य होतें. आणि श्रीरामपूरचीं अक्षरें घडवणारे पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर हे हिंदूच होते. १८११ चा मराठी नवा करार मात्र भाषेच्या दृष्टीनें सदोष ठरला. पुढें मुंबईच्या मिशनऱ्यांस नव्यानें भाषांतर करावें लागलें.

शेवटही निर्मळ नाहीं. १८२३ सालीं वॉर्ड वारले. मालमत्ता, अधिकार व मार्शमन यांच्याविषयींचा संशय ह्यांवरून १८२७ सालीं श्रीरामपूर इंग्लंडांतील मूळ संस्थेपासून विभक्त झालें. केरी १८३४ सालीं गेले; दोन्ही पक्ष एक झाले ते १८३७ सालीं, मार्शमन यांच्या मृत्यूच्याच सुमारास.

ईश्वर सदोष माणसांकडून आपलें काम करवून घेतो, असें भाविक म्हणतात. त्याचा निवाडा इतिहासाच्या कक्षेंतला नव्हे. परंतु ही श्रद्धा खरी मानली, तर तिच्यापासून कर्त्यांना नम्रताच शिकतां येईल, क्षमापत्र मिळणार नाहीं. काम सफल झालें म्हणून केरींच्या घरांतील दुःख न्याय्य ठरत नाहीं. आणि तें दुःख खरें म्हणून व्याकरण व कोश खोटे होत नाहींत. दोन्ही हिशेब शेजारीं शेजारीं मांडावे लागतात, आणि एकाची शिल्लक दुसऱ्यांत ओढतां येत नाहीं. टॉमस, वॉर्ड व मार्शमन हे निदान स्वेच्छेनें ह्या कामांत आले होते. डॉरथी तशी आली नव्हती. १८०७ च्या डिसेंबरांत ती वारली. तिचें नांव कोणत्याही मुखपृष्ठावर नाहीं. मराठीचा तो जुना कोश चाळतांना वाचकांनीं तिचेंही स्मरण करावें, इतकीच आमची विनंती आहे.