सीडी फिरायची थांबली, तरी गाणं सुरूच? डिस्कमनची बॅटरी वाचवणारी युक्ती

डिस्कमन आठवतोय? सोनीने १९८४ मध्ये 'डी-५०' हा खिशात नाही, पण हातात मावणारा सीडी प्लेयर आणला. त्याच्या दोन अडचणी होत्या. धक्का लागला की गाणं अडखळायचं आणि बॅटरी झटपट संपायची.

बॅटरी जायची कुठे?

सीडी मिनिटाला साधारण २०० ते ५०० फेरे घेते. ती फिरवणारी मोटर आणि लेझर गाणं संपेपर्यंत चालूच राहायचे.

मग मेमरी आली

पुढच्या प्लेयरमध्ये छोटी मेमरी चिप बसवली गेली. गाणं आधी मेमरीत साठायचं आणि तिथून कानात यायचं. यालाच बफर म्हणतात. घरात पाण्याची टाकी असते ना, अगदी तसंच. टाकी भरलेली असेल तर पंप सतत चालवावा लागत नाही.

पण गंमत म्हणजे सुरुवातीला याने बॅटरी वाचली नाही, उलट जास्त खर्च झाली! कारण साध्या सीडीत दर सेकंदाला सुमारे १७६ केबी डेटा लागतो. २ एमबीची टाकी १२ सेकंदांतच रिकामी होते. ती भरलेली ठेवायला डिस्क आणखी वेगाने फिरवावी लागायची.

खरा फायदा कधी झाला?

गाण्याचा आकार लहान झाला तेव्हा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला सेकंदाला फक्त १६ केबी पुरतात. म्हणजे त्याच २ एमबीत दोन मिनिटांहून जास्त गाणं मावतं. डेटा सीडीच्या साध्या वेगानेही ही टाकी साधारण १५ सेकंदांत भरते. त्यानंतर मोटर निवांत थांबू शकते.

२००१ च्या पहिल्या आयपॉडमध्येही हीच युक्ती होती. त्यात सीडीऐवजी हार्ड डिस्क होती आणि मेमरी ३२ एमबी. अ‍ॅपलच्या दाव्यानुसार त्यात २० मिनिटांचं संगीत मावायचं आणि बॅटरी १० तास चालायची.

गाणी सारखी बदलताय?

मग ही बचत वाया जाते. 'नेक्स्ट' दाबत राहिलं की साठवलेलं गाणं फुकट जातं आणि मोटर पुन्हा सुरू होते.

आज मोबाईलमध्ये मोटर नाही, पण युक्ती तीच आहे. गाणं स्ट्रीम करताना पुढचा भाग आधीच डाउनलोड झाला, की नेटवर्कच्या चिपला मधेमधे विश्रांती मिळते. त्यामुळे रोज ऐकायची गाणी वायफायवर एकदाच डाउनलोड करून ठेवा. डेटा वाचेल आणि बॅटरीही!